एक चाल, अनेक गळे

जमैकातल्या एका ठेक्याचं नाव ‘दिवाली’ आहे. स्टीव्हन मार्सडेन, ज्याला तिकडे सगळे ‘लेंकी’ म्हणतात, त्यानं तो बांधला आणि २००२ मध्ये लंडनच्या ग्रीनस्लीव्ह्ज कंपनीनं त्या एका ठेक्याची अख्खी तबकडी काढली. पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत वाजतं तेच: मात्रेच्या आडून पडणाऱ्या टाळ्या आणि त्यांच्या पोटात घुमणारा ढोल. बदलतो तो गाणारा. शॉन पॉलनं त्या टाळ्यांवर ‘गेट बिझी’ म्हटलं आणि मे २००३ मध्ये ते अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत सगळ्यात वर जाऊन बसलं. वेन वंडरनं त्याच टाळ्यांवर मऊ आवाजात प्रेम सांगितलं. बाउंटी किलरनं त्यांच्यावरच गरिबाचे हाल मांडले. न्यूयॉर्कच्या लुमिडी या तरुण गायिकेनं तोच ठेका घेतला आणि तिचंही गाणं गाजलं. यात चोरी झाली असं तिथे कुणी मानत नाही. तिथे गाणं असंच करतात.

अशा ठेक्याला जमैकात ‘रिडिम’ म्हणतात. शब्द ‘रिदम’चाच, तिथल्या जिभेवर घासून गुळगुळीत झालेला. अर्थ मात्र आपल्या ‘ताल’ या शब्दात मावत नाही. खर्जातली धून, ढोलाचे घाव, मधे मधे येणारा बाजाचा तुकडा, असं गाण्याचं सगळं जोतं म्हणजे रिडिम. एका माणसानं जोतं बांधायचं, त्याला नाव द्यायचं आणि मग दहा-वीस गायकांनी त्याच्यावर आपापलं घर उभारायचं. ही सगळी घरं एका तबकडीत विकायला येतात. ऐकणाराही त्यासाठीच विकत घेतो, कोणी काय उभारलं ते शेजारी शेजारी ठेवून पाहायला.

हे मराठी माणसाला सांगितलं की त्याची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: एकाच चालीवर वीस गाणी, म्हणजे यांना नवं सुचत नाही का? मी ती अनेकदा ऐकली आहे आणि दर वेळी मला वाईट वाटलं आहे. कारण वीस गाणी एका चालीवर म्हणणं ही आपलीच सर्वांत जुनी रीत आहे. ती आपल्याला दिसत नाही, इतकी ती अंगवळणी पडली आहे.

गणपतीतली आरती आठवा. पहिली गणपतीची, मग शंकराची, मग देवीची, मग विठोबाची. झांजा थांबत नाहीत, टाळ्या थांबत नाहीत, चाल बदलत नाही. पहिल्या दोन समर्थ रामदासांच्या नावावर, म्हणजे सतराव्या शतकातल्या. विठोबाची नामदेवांच्या नावावर, म्हणजे रामदासांच्याही तीनेकशे वर्षं आधीची. देवीची नरहरीच्या मुद्रेची. इतक्या शतकांचं अंतर असलेले कवी एका चालीवर, एका झांजेवर, एका दमात दहा मिनिटांत म्हटले जातात. हातात कापूर धरलेल्या पोरालाही ठाऊक असतं की चाल एकच, शब्द फिरवायचे. जमैकाच्या भाषेत सांगायचं तर महाराष्ट्रातलं प्रत्येक घर भाद्रपदात एक रिडिम-तबकडी वाजवतं.

मी हे सिंदी (मेघे) इथे बसून लिहितो आहे. नावामुळे गोंधळ होतो म्हणून सांगतो: तान्हा पोळ्यातल्या मोठमोठ्या लाकडी नंदीबैलांसाठी प्रसिद्ध असलेलं सिंदी (रेल्वे) वेगळं, ते सेलू तालुक्यात. आमचं सिंदी वर्धा शहराला चिकटलेलं, इतकं की गाव कुठे संपतं आणि शहर कुठे सुरू होतं हे परक्याला सांगता येणार नाही. सेवाग्राम आठ-नऊ किलोमीटरवर, पवनार तेवढ्याच अंतरावर. आणि एका चालीवर अनेकांनी म्हणायची जी रीत मी सांगतो आहे, तिचे नमुने या एवढ्या टापूत इतके दाट आहेत की कुठून सुरुवात करावी कळत नाही.

गोपुरीत गीताई मंदिर आहे. विनोबांनी १९३०-३१ च्या सुमारास गीतेचा मराठी समश्लोकी अनुवाद केला, तो १९३२ मध्ये छापून आला. गोपुरीत तीच गीताई उभ्या शिळांवर कोरलेली आहे. डोक्यावर छप्पर नाही, भोवती नुसते श्लोकांचे दगड. पण गीताई दगडावर वाचायची वस्तू नाही, ती म्हणायची आहे. विनोबांनी वृत्त असं निवडलं की चाल एकदा गळ्यात बसली की बहुतेक अध्याय तिच्यावर सरळ चालत जातात. पवनारच्या ब्रह्मविद्या मंदिरात १९५९ पासून बहिणी ती म्हणत आल्या. वर्ध्याच्या कितीतरी घरांत आज्यांना अर्थाआधी चाल पाठ होती आणि चालीच्या बोटाला धरून अर्थ हळूहळू घरात आला. सातशे श्लोक लोकांच्या तोंडी उतरवायचे तर सातशे चाली देऊन भागत नाही, हे विनोबांना पक्कं कळलं होतं.

त्याहून जुना नमुना जात्याचा. दगड फिरतो तो एका गतीनं. बाईचा हात, तिचा श्वास, पिठाची धार, सगळं त्या गतीला बांधलेलं असतं. ओवी त्या गतीवर बसते. ओवीच्या चालीला बायका ‘गळा’ म्हणतात. एकीनं गळा धरायचा, दुसरीनं त्याच गळ्यावर पुढची ओवी टाकायची. भाऊ, माहेर, सासुरवास, विठोबा, भीमराव, जे मनात असेल ते. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या आणि २०१७ पासून ‘पारी’ या ऑनलाइन संग्रहानं त्या लोकांसमोर आणायला सुरुवात केली. लाखभर ओव्या आणि गळे त्या मानानं मोजकेच. दोन बायकांच्या ओव्या एका गळ्यावर आहेत म्हणून एकीनं दुसरीची उचलली असं कुणी म्हणेल? ऐकणाऱ्याचं लक्ष गळ्यावर नसतंच. या बाईनं तिच्या भावाबद्दल काय सांगितलं, यावर असतं. गळा ओळखीचा असतो म्हणून तर कान शब्दांकडे मोकळा राहतो.

इथेच मला रिडिमचं मर्म सापडतं. नवी चाल ऐकणाऱ्याचं अर्धं लक्ष खाते. जुनी चाल ते परत देते.

पोळ्याच्या दिवशी आमच्याकडे तोरणाखाली झडत्या होतात. ज्यांनी त्या ऐकल्या नाहीत त्यांच्यासाठी: बैल सजवून रांगेत उभे असतात आणि एकेक जण पुढे येऊन ठरलेल्या ठेक्यात चार-सहा ओळी फेकतो. कापसाचा भाव, सावकार, सरपंच, पाऊस, कुणालाही सोडत नाही. शेवट महादेवाच्या पुकाऱ्यानं आणि त्यात अख्खी गर्दी सामील. मग दुसरा येतो, त्याच ठेक्यात, त्याच पुकाऱ्यावर संपणारी आपली झडती घेऊन. ज्याची बोचते त्याला दाद. खडी गंमत या आमच्याकडच्या लोकनाट्यातले कलगीवाले आणि तुरेवाले शाहीर हेच करत. एका बाजूनं सवाल टाकला की दुसऱ्या बाजूनं त्याच चालीत जवाब दिला म्हणजे रंग चढे. चाल बदलून उत्तर देणारा पळ काढतो आहे असं बैठकीला वाटे. जमैकात दोन साउंड सिस्टिमवाले, म्हणजे मोठे स्पीकर लावून रेकॉर्डी वाजवणारे, रस्त्यावर समोरासमोर येऊन एकमेकांना हरवायला पाहतात, त्याला तिकडे ‘क्लॅश’ म्हणतात. ते पाहताना विदर्भातल्या माणसाला काही समजावून सांगावं लागत नाही.

आता छापील चालीकडे. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ १८८० मध्ये पुण्यात आलं, तेव्हापासून मराठी संगीत नाटकाच्या पुस्तकात पदाच्या डोक्यावर ‘चाल’ लिहायची पद्धत रुळली. कुठे साकी, कुठे दिंडी, कुठे एखाद्या प्रचलित पदाचे पहिले शब्द. १९११ च्या ‘मानापमान’ला गोविंदराव टेंब्यांनी आणि १९१६ च्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या, त्यांतल्या अनेक हिंदुस्थानी बंदिशींवरून आलेल्या. बालगंधर्वांच्या गळ्यातून उतरल्यावर त्या इतक्या मराठी झाल्या की मूळ कुणी विचारलं नाही. नाटकाबद्दल अधिक सांगत नाही, त्याच्यावर पुष्कळ लिहून झालं आहे. जिच्यावर फारसं लिहिलं गेलं नाही ती भजनाची आठआणेवाली पुस्तिका. यात्रेत, बसस्टँडवर, दीक्षाभूमीच्या रस्त्यावर मिळायची. तिच्या प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर ‘चाल’ किंवा, आमच्याकडे हिंदी जवळ म्हणून, ‘तर्ज’ असं छापलेलं आणि पुढे एखाद्या सिनेगीताचं नाव. त्या एका शब्दानं स्वरलिपी, शिक्षक आणि रेकॉर्ड या तिन्हींचं काम केलं. ज्याला अक्षरं येत होती त्यानं वाचावं, ज्याला येत नव्हती त्याला चाल ठाऊकच होती.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी याच मातीतली. १९०९ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या यावलीला जन्म, १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आणि १९३६ मध्ये गांधीजींच्या बोलावण्यावरून सेवाग्रामात मुक्काम. एक खंजिरी आणि एक आवाज एवढ्यावर त्यांनी गावं जागी ठेवली. १९६८ मध्ये ते गेले, पण खंजिरी भजनाच्या स्पर्धा आजही वर्धा-अमरावतीकडे भरतात. एकच भजन पाच मंडळं पाच तऱ्हांनी म्हणतात आणि लोक रात्रभर बसून ऐकतात. अकोटच्या सत्यपाल महाराजांनी सात खंजिऱ्या एकट्यानं वाजवून त्याच परंपरेला नवा थाट दिला.

आणि भीमगीतं. एक चाल अनेकांनी गाण्याचा मराठीतलं सगळ्यात मोठं भांडार तिथे आहे, असं माझं ठाम मत आहे. सिन्नरजवळच्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) गावोगाव पायपीट करत गात गेले. मंगळवेढ्याचे प्रल्हाद शिंदे, त्यांची मुलं आनंद आणि मिलिंद, मुंबईचे विठ्ठल उमप, विदर्भातले राजानंद गडपायले आणि नागोराव पाटणकर, ही नावं आमच्या वस्त्यांत घरातल्या माणसांसारखी घेतली जातात. उमप तर २०१० च्या नोव्हेंबरात नागपूरला दीक्षाभूमीवर कार्यक्रमातच गेले. या सगळ्यांच्या गाण्यांत स्वतंत्र चाली पुष्कळ. पण पुष्कळ गाणी कव्वालीच्या, लोकगीताच्या, सिनेमाच्या तयार चालीवरही आहेत आणि त्यात लाजण्यासारखं तसूभर काही नाही. ज्या माणसांना देवळात, शाळेत आणि गायनाच्या क्लासात उभं राहू दिलं नव्हतं, त्यांनी हवेत उडणारी चाल धरली आणि तिच्यावर आपला इतिहास चढवला. सिनेमाची चाल फुकट सगळ्यांच्या कानात पोचलेली होतीच. तिच्यावर बाबासाहेबांचं एक वाक्य बसवलं की ते दुसऱ्या दिवशी अख्ख्या वस्तीला पाठ.

१९८० च्या दशकात कॅसेट आली आणि या रीतीला बाजार मिळाला. टी-सिरीजच्या गुलशन कुमारांनी जुनी सिनेगीतं नव्या गळ्यांकडून गाऊन घेऊन स्वस्तात विकली. त्याच लाटेत छोट्या गावांतल्या छोट्या कंपन्यांनी भीमगीतं, देवीची गाणी, लग्नगीतं काढली. एका कॅसेटवर पाच-सहा गायक, मागे वाजवणारे मात्र तेच चार. या काळावर पीटर मॅन्युएल या अमेरिकी संगीत-अभ्यासकानं १९९३ मध्ये ‘कॅसेट कल्चर’ हे पुस्तक लिहिलं. त्याच मॅन्युएलनं पुढे २००६ मध्ये वेन मार्शलबरोबर जमैकाच्या रिडिम-पद्धतीवर महत्त्वाचा निबंध लिहिला आणि कॅरिबियन बेटांवरच्या ताशावर वेगळं पुस्तक. एकाच माणसाला उत्तर हिंदुस्थानची कॅसेट, जमैकाचा रिडिम आणि ताशा यांच्या मागे जावंसं वाटलं, यात मला नवल वाटत नाही. १० मे १८४५ ला ‘ब्लंडेल’ जहाजानं पहिले हिंदी मजूर जमैकात उतरवले. १९१७ पर्यंत सुमारे ३६ हजार गेले, बहुतेक उत्तरेकडचे. त्यांच्याबरोबर मोहरमचा ताशा त्या बेटांवर गेला आणि ‘टासा’ या नावानं राहिला. ‘दिवाली’ रिडिमचं नाव ज्या बेटावर ठेवलं गेलं तिथे दिवाळी दीडशेहून जास्त वर्षं साजरी होते आहे.

रिडिमची तिकडची कहाणी थोडक्यात सांगायला हवी. १९६० च्या दशकाच्या अखेरीला स्पॅनिश टाउनच्या रडी रेडवूड या साउंड सिस्टिमवाल्याला पॅरागॉन्सच्या एका गाण्याची प्रत मिळाली, तिच्यात आवाज भरायचा राहून गेला होता. त्यानं ती तशीच लावली आणि गर्दीनं शब्द स्वतः म्हटले. तिथून रेकॉर्डच्या मागच्या बाजूला नुसतं वाद्यसंगीत छापायची पद्धत पडली, त्याला ‘व्हर्शन’ म्हणत. यू-रॉयनं १९७० मध्ये त्या मोकळ्या जागेत बोलणं घालून तीन गाणी गाजवली. १९७४ मध्ये रूपी एडवर्ड्सनं ‘यामाहा स्कँक’ काढली: पूर्ण तबकडी एका रिडिमवर, तीच या जातीची पहिली मानली जाते. आणि १९८५ मध्ये ‘स्लेंग टेंग’.

‘स्लेंग टेंग’जवळ मला थांबायचं आहे. नोएल डेव्ही या जमैकन वादकाकडे एक छोटा कॅसिओ कीबोर्ड होता, एमटी-४०. त्यात कंपनीनंच भरून दिलेला एक ठेका होता, बटण दाबलं की वाजणारा. डेव्ही आणि गायक वेन स्मिथ यांना तो सापडला, ते तो निर्माता किंग जॅमीकडे घेऊन गेले, जॅमीनं त्याची गती उतरवली आणि २३ फेब्रुवारी १९८५ च्या क्लॅशमध्ये किंग्स्टनच्या रस्त्यावर वाजवला. त्या रात्रीनंतर जमैकातले कितीतरी वादक रिकामे बसले, इतका तो बदल मोठा होता. त्या एका ठेक्यावर पुढे शेकडो गाणी झाली. तो ठेका कॅसिओत भरणारी बाई जपानी होती, हिरोको ओकुदा. महाविद्यालयात तिनं रेगे संगीतावरच प्रबंध लिहिला होता आणि ती कंपनीत नवी लागली होती. तिच्या बोटातला रेगे बटणातून निघून पुन्हा जमैकाला पोचला.

आमच्याकडे कीबोर्डला आजही ‘कॅसिओ’च म्हणतात, कंपनी कोणतीही असो. ‘कॅसिओवाला आला का?’ असं विचारतात. विदर्भात मिरवणुकीचं जे संगीत गेल्या काही दशकांत तयार झालं, संदल आणि धुमाळ, त्याचा पाया हा कॅसिओवाला, ऑक्टापॅडवाला आणि ताशेवाले. संदल हा शब्द उरुसातल्या चंदनाच्या मिरवणुकीचा. तिथला ठेका तिथून सुटून गणपतीत, दुर्गेत, लग्नाच्या वरातीत आणि १४ एप्रिलच्या मिरवणुकीत शिरला. आता ‘संदल’ म्हटलं की आमच्या पोरांना दर्गा आठवेलच असं नाही, पण पाय हलतात. कुणी भीमगीत त्या ठेक्यावर चढवतं, कुणी देवीचं, कुणी शिवाजी महाराजांचं. मिरवणुकीत एकामागून एक तीन गाड्या जातात आणि तिन्हींवर खालचा ठेका तोच असतो. नागपूर-वर्ध्याच्या या संगीताला मी आपला रिडिम म्हणतो, आणि हे म्हणताना जमैकाशी बरोबरी करून त्याला मोठं करण्याची गरज मला वाटत नाही. ते तसं आहेच.

आवाजाच्या पातळीबद्दल थोडक्यात. रात्री दहानंतर वाजवू नये आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या छातीत धडकी भरेल असं दिवसाही वाजवू नये, या नियमाशी माझं भांडण नाही. पण आवाज मोठा आहे म्हणून संगीत हलकं ठरत नाही.

शब्दांची एक उलटापालट इथे सांगण्यासारखी आहे. जमैकात ‘डीजे’ म्हणजे ठेक्यावर तोंडानं बोलणारा, गाणारा माणूस. रेकॉर्ड लावणाऱ्याला तिथे ‘सिलेक्टर’ म्हणतात. आपल्याकडे ‘डीजे’ म्हणजे गाडीवरची बॉक्सची भिंत. ‘मांडव घातला’ म्हणतात, तसं ‘डीजे लावला’ म्हणतात. माणूस त्या शब्दातून केव्हाच निघून गेला. मला जे सांगायचं आहे त्याची सुरुवात इथून होते.

आमच्या गल्लीत एक ढोलकी वाजवणारे काका होते. कॅसेटच्या दिवसांत नागपूरच्या एका स्टुडिओत त्यांना बोलावणं असे. एका बैठकीत चार कॅसेटींचं काम उरकायचं, सकाळी बसले की रात्री उठायचं. हातात रोख पैसे आणि परतीच्या गाडीचं भाडं. कॅसेटीच्या वेष्टनावर गायकाचा फोटो, कवीचं नाव, कंपनीचं नाव, छापखान्याचंसुद्धा नाव. काकांचं कुठेच नाही. अनेक वर्षांनी, ढोलकी खुंटीला लावून झाल्यावर, एका १४ एप्रिलला ते ओट्यावर बसले होते. गाडी जवळ आली. एका जुन्या गाण्याचे तुकडे करून, त्याखाली संदलचा ठेका घालून कुणीतरी नवं मिक्स केलं होतं. मध्येच चार मात्रांची मूळ ढोलकी मोकळी सुटली. काका उठून उभे राहिले. म्हणाले, “हा माझा हात आहे.” मी म्हटलं, कशावरून? ते म्हणाले, “बापाला पोराची चाल वळखू नाही येत का?” गाडी गेली. गाडीवरच्या आवाजानं मिक्स करणाऱ्याचं नाव तीनदा पुकारलं.

ते गेल्याला बरीच वर्षं झाली. माझ्या डोक्यातून तो प्रसंग जात नाही आणि हा आढावा मी त्यासाठीच लिहायला घेतला.

आपल्या परंपरेनं चाल मोकळी ठेवली, पण कवीचं नाव राखलं. अभंगाच्या शेवटी कवीचं नाव येतं, त्याला मुद्रा म्हणतात. तुकडोजी महाराजांच्या भजनात शेवटी ‘तुकड्या’ येतो. वामनदादांच्या गाण्यात शेवटच्या कडव्यात ‘वामन’ येतो. कागद नसेल, रेकॉर्ड नसेल, गाणं हजार तोंडांतून फिरेल, तरी नाव गाण्याच्या अंगातच विणलेलं असल्यामुळे कुणी काढून टाकू शकत नाही. कायदा येण्याआधी शेकडो वर्षं आपल्या कवींनी स्वतःसाठी केलेली ही सोय फार शहाणपणाची होती. पण जिनं गळा धरला ती जात्यावरची बाई, ज्यानं खंजिरी धरली, ज्यानं कॅसिओवर ठेका बांधला, त्यांना शेवटचं कडवं नव्हतं. आता मिक्स करणारे पोरगे गाण्यात मधे मधे आपलं नाव घालतात, लोक त्यांना हसतात, मी हसत नाही. तीही मुद्राच आहे. फक्त ती ज्यानं शेवटी हात लावला त्याची आहे आणि ज्यानं आधी हात लावला तो तिच्याखाली बुजतो.

जमैकातही सगळं नीट नव्हतं. तिथे १९९३ पर्यंत स्वतःचा आधुनिक कॉपीराइट कायदाच नव्हता, जुना ब्रिटिश कायदा चाले, आणि कितीतरी वादक फुटक्या पैशावर वाजवून गेले. तिथल्या स्टीली आणि क्लीव्ही या जोडीच्या ‘फिश मार्केट’ या १९८९ च्या रिडिमवरून कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात मोठा खटला उभा राहिला. शाबा रँक्सच्या ‘डेम बो’ या गाण्याखालचा ठेका त्याच वळणाचा. स्पॅनिश रेगेटोन संगीताचा बहुतेक पायाच त्या ठेक्यावर आहे असं फिर्यादींचं म्हणणं. शंभराहून जास्त कलावंत आणि कंपन्या त्यात प्रतिवादी, खटला फेटाळण्याची मागणी २०२४ मध्ये न्यायाधीशांनी मान्य केली नाही. स्टीली २००९ मध्येच वारले. ठेक्यावर एका माणसाची मालकी असावी का? मला वाटतं, असू नये. तशी मालकी आपल्याकडे असती तर आरतीही झाली नसती आणि भीमगीतही. पण मालकी आणि नाव या दोन गोष्टी आहेत आणि आपण पहिली नको म्हणता म्हणता दुसरीही सोडून दिली. जमैकात भांडणं झाली, तरी रिडिमला स्वतःचं नाव असतं आणि तबकडीवर बांधणाऱ्याचं नाव असतं. ‘दिवाली’ म्हटलं की लेंकी आठवतो. त्यामुळे भांडायला निदान जागा तरी राहते.

आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा शब्द आणि संगीत वेगळं मानतो. २०१२ च्या दुरुस्तीनं जुन्या गाण्याची नवी आवृत्ती काढायची वाट घालून दिली: मूळ ध्वनिमुद्रणाला पाच वर्षं झालेली असावीत, पूर्वसूचना द्यावी, मानधन भरावं. खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभात, त्यात लग्नाची वरातही आली, गाणं वाजवणं हा उल्लंघनाचा गुन्हा होत नाही. आणि त्याच २०१२ मध्ये ३८ब हे कलम आलं, ज्याची चर्चा आमच्या बाजूला कुणी केलेली मी ऐकली नाही. त्यानुसार वादकाला, गायकाला, कुठल्याही सादरकर्त्याला आपल्या सादरीकरणाशी आपलं नाव जोडून मागण्याचा हक्क आहे. पैसे घेऊन हक्क विकले तरी हा नावाचा हक्क त्याच्याकडे राहतो. काकांच्या ऐन उमेदीच्या वर्षांत हे कलम नव्हतं. आज ऑक्टापॅड वाजवणाऱ्या पोरांसाठी ते आहे.

म्हणून वर्धा, सिंदी, सावंगी, बोरगाव इथल्या मंडळांना, भजन मंडळांना, जयंती समित्यांना आणि मिक्स करणाऱ्या मुलांना माझी हात जोडून विनंती आहे. चाल घ्या, बिनधास्त घ्या, ती सगळ्यांची आहे. पण तुमच्या पुढच्या गाण्याच्या फाइलला नाव देताना, पत्रिका छापताना, मोबाइलवर गाणं टाकताना चार नावं लिहा: कवीचं, गाणाऱ्याचं, वाजवणाऱ्याचं आणि ठेका बांधणाऱ्याचं. जुन्या कॅसेटी घरात असतील तर त्यांत कोण वाजवत होतं ते गल्लीतल्या म्हाताऱ्यांना विचारा आणि वेष्टनावर पेनानं लिहून ठेवा. ती माणसं आहेत तोवर विचारा.